कौलावरच्या शेवाळावरून नदीतील पोषकद्रव्यांचा माग कसा काढावा

मैलापाण्यातून, साबणातून आणि शेतातील खतांतून नदीत उतरणारे नायट्रोजन व फॉस्फरस मोजण्यासाठी बाटलीभर पाणी तपासले, तर त्या घटकेपुरतेच उत्तर मिळते. शिवाय शेवाळ फॉस्फेट झपाट्याने शोषून घेत असल्यामुळे तळ हिरवागार असतानाही पाण्याचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. दगडाला धरून वाढलेले शेवाळ मात्र गेल्या काही आठवड्यांचा हिशेब दाखवते.

पुण्यात मुठेवर हे काम करायचे असल्यास आंबील ओढा जिथे नदीला मिळतो, त्याच्या वर एक आणि खाली, पाणी पुरते मिसळल्यानंतर, दुसरे ठिकाण निवडावे. तुलनेसाठी शहराच्या वरच्या अंगाला, खडकवासल्याकडे, तिसरे असावे. पावसाळा ओसरल्यावरच सुरुवात करावी, कारण धरणातून विसर्ग सुटला की वाढलेला थर धुऊन जातो. झिलई नसलेल्या कौलाचे सारख्या मापाचे निदान पाच तुकडे प्रत्येक ठिकाणी जाळीला बांधून, सारख्या खोलीवर, सारख्या प्रवाहात आणि मुख्य म्हणजे सारख्या उन्हात तीन-चार आठवडे ठेवावेत. सावलीतला आणि उघड्यावरचा तुकडा यांतील फरक प्रदूषणाच्या नावावर जमा झाला, तर सगळा खटाटोप फुकट जातो. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी दिसल्यास त्यांचीही नोंद करावी.

नंतर ठरावीक क्षेत्रफळावरचा थर ब्रशने खरवडून काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळावा आणि तो कागद अंधारात, बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत न्यावा. तिथे 90 टक्के अ‍ॅसिटोनमध्ये हरितद्रव्य उतरवून मोजतात; त्यावरून शेवाळ किती वाढले ते कळते. समशीतोष्ण प्रदेशांतील नद्यांत दर चौरस मीटरला 100 ते 150 मिलिग्रॅम हरितद्रव्य ‘अ’ ही उपद्रवी वाढीची सीमा मानली जाते, परंतु आपल्याकडे आकड्यापेक्षा ठिकाणाठिकाणांतील फरकावर भर द्यावा.

कमी शेवाळ म्हणजे स्वच्छ पाणी, असे मात्र समजू नये. गढूळ मैलापाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचत नाही आणि कौलावर जिवाणूंचा राखाडी, बुळबुळीत थर चढतो. म्हणून थोडा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच. ऑसिलेटोरिया, युग्लिना आणि निट्झशिया या सूक्ष्म शेवाळांची गर्दी सेंद्रिय प्रदूषणाकडे बोट दाखवते.

वाढीला नेमके काय कमी पडते, हे जाणण्यासाठी मातीच्या चार लहान कुंड्यांत अगार (जेलीसारखा गोठणारा पदार्थ) भरून त्या नदीत ठेवाव्यात: एकीत नायट्रेट, दुसरीत फॉस्फेट, तिसरीत दोन्ही, चौथीत काहीच नाही. झिरपणाऱ्या क्षारांवर बाहेरच्या बाजूने शेवाळ धरते. ऊन पुरेसे असूनही चारही कुंड्या सारख्याच हिरव्या झाल्या, तर बहुधा नदीत दोन्ही द्रव्ये आधीच मुबलक आहेत.