टर्मिनलमध्ये कीबोर्ड कधी ऐकतो, कधी नाही? या चुका टाळा

सर्व्हर तोच, लॉगिन तेच. हिंजवडीतल्या ऑफिसात लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) बॅकस्पेस नीट चालतं आणि रात्री कोथरूडला घरी विंडोज लॅपटॉपवर पुटी (सर्व्हरशी जोडणारा टर्मिनल प्रोग्रॅम) उघडली की तीच की अक्षर खोडायचं सोडून भलतीच चिन्हं छापते. अशा वेळी बहुतेक जण नेटवर मिळालेली एखादी ओळ बॅशआरसीत (कमांड चालवणारा बॅश हा शेल सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) चिकटवून मोकळे होतात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण ती ओळ एका ठिकाणचा त्रास घालवते आणि दुसऱ्या दोन ठिकाणी नवा उभा करते.

न बघता दुरुस्ती करू नका

आधी की नेमकं काय पाठवते ते बघा. प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या ओळीवर) कंट्रोल-व्ही दाबा आणि लगेच अडणारी की दाबा. पडद्यावर जे उमटेल तेच टर्मिनलने पाठवलेलं असतं. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, म्हणून तिथून सर्व्हरवर गेल्यावर ‘शोकी’ ही कमांड ‘-ए’ लावून चालवा आणि कंट्रोल-डीने बाहेर या. हे एकदा साध्या एसएसएचमध्ये (सर्व्हरशी थेट जोडणीत) करा, एकदा टीमक्सच्या (एका खिडकीत अनेक सेशन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत. उत्तर जिथे बदलेल, दोष तिथे आहे.

बॅकस्पेसचंच घ्या. काही टर्मिनल 127 हा कोड पाठवतात, काही 8. सर्व्हर कशाची वाट बघतोय ते टर्मिनलची सेटिंग दाखवणाऱ्या ‘एसटीटीवाय -ए’ या कमांडच्या उत्तरात ‘इरेज’पुढे दिसतं. दोन्ही जुळले नाहीत की घोळ. गंमत अशी की बॅशच्या प्रॉम्प्टवर हा घोळ बहुधा दिसतच नाही, कारण टाइप होणारी ओळ सांभाळणारी बॅशची रीडलाइन लायब्ररी दोन्ही कोड खोडण्यासाठीच वापरते. मग ओरॅकल डेटाबेसचं एसक्यूएल-प्लस उघडता आणि तिथे बॅकस्पेस बिघडतं, वरचा बाण दाबला तर जुनी क्वेरी येण्याऐवजी कंस आणि ‘ए’ उमटतं. सर्व्हर बिघडलेला नसतो. लिनक्सवरच्या एसक्यूएल-प्लसला रीडलाइनची सोबत नसते इतकंच. बाणांसाठी त्या कमांडच्या आधी रीडलाइनची सोय देणारं ‘आरएलरॅप’ लावा. बॅकस्पेससाठी पुटीच्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर कोड बदला, किंवा सर्व्हरवर ‘एसटीटीवाय इरेज’ द्या. दोन्हीकडे एकदम बदलू नका, नाहीतर पुन्हा उलटं होईल. आणि ‘एसटीटीवाय’ बॅशआरसीत टाकायचंच असेल तर सेशन इंटरॅक्टिव्ह आहे का (समोर कोणी टाइप करतंय का) हे आधी तपासणारी अट घाला. अट नसेल तर एससीपी आणि आरसिंकने फाइल कॉपी करताना एररच्या ओळी येत राहतात.

टर्म व्हेरिएबल हाताने ठोकून बसवू नका

टर्म व्हेरिएबल प्रोग्रॅमला टर्मिनलचा प्रकार सांगतं. त्यात ‘एक्सटर्म-256कलर’ कायमचं लिहून ठेवलं की रंग छान दिसतात, पण टीमक्सच्या आत होम आणि एंड रुसतात. टीमक्स त्या कीजसाठी वेगळे कोड पाठवतो आणि प्रोग्रॅम एक्सटर्मचे कोड शोधत बसतो. ती ओळ काढून टाका, टीमक्सला त्याचं नाव स्वतः सांगू द्या. सर्व्हर ‘हे टर्मिनल माहीत नाही’ म्हणत असेल तर आपल्या मशीनवर टर्मिनलची माहिती छापणारी ‘इन्फोकंप -एक्स’ चालवून तिचं आउटपुट सर्व्हरवर ती माहिती नोंदवणाऱ्या ‘टिक’ला द्या. आयसर पुण्यातल्या परम ब्रह्मसारख्या सामायिक महासंगणकावर विद्यार्थ्यांकडे रूटचे (प्रशासकाचे) अधिकार नसतात, तरी अडत नाही. रूट नसताना ‘टिक’ ती नोंद तुमच्या होम डिरेक्टरीत ठेवतो.

हँग झालं म्हणून खिडकी बंद करू नका

सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं जातं आणि पडदा थिजतो. टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेला हा ‘थांब’ संकेत आहे. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं पुढे सरकेल. खिडकी बंद केलीत तर चालू असलेलं काम हातचं जाऊ शकतं. हा संकेत नकोच असेल तर ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ द्या. बायनरी (मजकूर नसलेली) फाइल चुकून ‘कॅट’ कमांडने पडद्यावर छापल्यावर अक्षरं बिघडली तर न दिसताही ‘रीसेट’ टाइप करा. एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे.

मॅकवाल्यांसाठी एक: 2019 च्या कॅटलिनापासून तिथे बॅशऐवजी झेडशेल हा शेल डिफॉल्ट आहे आणि तो इनपुटआरसी (रीडलाइनची सेटिंगची फाइल) वाचत नाही. शिवाय एडिटर व्हेरिएबलमध्ये ‘विम’ हा एडिटर लिहिला असेल तर झेडशेल आपोआप व्हीआय मोडमध्ये (त्या एडिटरसारख्या कीजवर) जातो, मग कंट्रोल-ए आणि कंट्रोल-आर पूर्वीसारखे चालत नाहीत. ‘बाइंडकी -ई’ दिलं की सवयीच्या कीज परत येतात.

मराठी टाइप करताना

इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्ड) चालू राहिलं तर कमांड देवनागरीत उमटतात, ते लगेच कळतं. खोडतानाचा दोष मात्र लपून राहतो. सर्व्हरवर नुसतं ‘कॅट’ चालवा, ‘पुणे’ लिहा आणि खोडा. प, उकार, ण, मात्रा असे 4 कोड, प्रत्येकी 3 बाइट. सेटिंग बरोबर असेल तर बॅकस्पेस 4 वेळा पुरतं. चुकीचं असेल तर एका दाबात एकच बाइट जातो, 12 वेळा दाबावं लागतं आणि मध्येच एंटर केलंत तर अर्धवट अक्षर फाइलमध्ये जातं. ‘एसटीटीवाय -ए’ मध्ये ‘आययूटीएफ8’ च्या आधी वजा चिन्ह दिसलं तर ‘एसटीटीवाय आययूटीएफ8’ द्या आणि ‘लोकेल’ कमांडने सर्व्हर यूटीएफ-8 वर (देवनागरीही साठवणाऱ्या अक्षर-पद्धतीवर) आहे ना, तेही पाहून घ्या.