मळ्याच्या हिशेबवहीत गुलामांवरचा ताबा कसा वाचावा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापूसमळ्याची १८५०च्या सुमाराची वही वाचायला घेतली, की आधी वेचणीचे पान उघडा. डावीकडे नावे, वर वार, चौकटीत त्या दिवशी वेचलेल्या कापसाचे पौंड. एकाच नावाची ओळ आडवी वाचा. आकडा एकदम घसरला तर शेजारच्या ओळी पाहा. सगळ्यांचाच घसरला असेल तर बहुधा पाऊस. एकाचाच असेल तर आजारपण, बाळंतपण, मार, नाहीतर पळून जाण्याचा प्रयत्न.

संध्याकाळी पाटी काट्यावर चढायची आणि वजन कमी भरले तर फटके बसायचे. जास्त भरले तरी सुटका नव्हती, उद्यापासून तेवढेच मागितले जाई. त्यामुळे आठवडाभर एकसारखा आकडा दिसला तर त्याला लगेच ‘सरासरी क्षमता’ म्हणू नका. तो जपून ठेवलेला वेगही असू शकतो.

इथे नेहमीची चूक होते ती वजनांची. वेचणीचे आकडे सरकीसकट कापसाचे असतात, गासडीचे वजन सरकी काढलेल्या रुईचे. ४०० पौंडांच्या गासडीला १,२०० पौंडांहून अधिक कापूस लागे. दोन्ही थेट जुळवायला गेलात तर चोरीचा भलताच संशय येईल.

मग मालमत्तेची यादी. टॉमस ॲफ्लेक या मिसिसिपीतल्या रोपवाटिकावाल्याने १८४०च्या दशकाच्या अखेरीस छापील वह्याच विकायला काढल्या. त्यात प्रत्येक माणसाची वर्षारंभीची आणि वर्षाखेरची किंमत लिहायला रकाने होते. मूल वाढले की किंमत वाढे, आणि ती वाढ मालकाच्या खात्यात जमा. मुलाचा दर्जा आईवरून ठरवणारा व्हर्जिनियाचा १६६२चा कायदा लक्षात ठेवा. जन्मनोंदीत आईचे नाव असते आणि बापाचे बऱ्याचदा नसते, ते का हे कळेल. ‘अर्धा हात’, ‘पाव हात’ असे शेरे कामाच्या कुवतीचे: मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाया.

दक्षिण कॅरोलिनातल्या भातमळ्याच्या वहीत माणशी वजने शोधू नका. तिथे रोजचे काम नेमून दिलेले असे, बहुधा पाव एकर. शिध्याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी सापडते: मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण एक पेक, म्हणजे नऊएक लिटर मक्याचे पीठ, आणि तीन-साडेतीन पौंड खारवलेले डुकराचे मांस. त्यावरून माणसे मोजताना मुलांचा वाटा कमी धरा.

वहीत शिक्षा क्वचितच येते. त्यासाठी पळून गेलेल्यांच्या जाहिराती चाळा: पाठीवरचे वण, डाग, ‘बायको अमक्या मळ्यावर आहे’ अशी खूण. मळ्याबाहेर पडायला चिठ्ठी लागे आणि वाटेत गस्तवाले ती तपासत. लिहिता येणारा माणूस ती स्वतःच लिहू शकला असता. दक्षिण कॅरोलिनाने १७४०च्या कायद्यात गुलामांना लिहायला शिकवण्यावर दंड का ठेवला, त्याचा एक धागा इथे सापडतो. गुलामांकडून काम करून घेणारा मुकादम (‘ड्रायव्हर’) स्वतःही गुलामच असे; वहीतले त्याचे जादा कपडे-जोडे वाचताना हे विसरू नका.

माणसे पुढे शोधायची असतील तर १८६०च्या जनगणनेतली गुलामांची यादी घ्या. तिच्यात नाव मालकाचे. गुलामांचे फक्त वय, लिंग, वर्ण. वयात दहा मिळवून १८७०च्या जनगणनेतल्या नावांशी ताडा. वये अंदाजाने लिहिलेली असत, म्हणून चार-पाच वर्षे इकडेतिकडे चालवून घ्या. आणि शोध मालकाच्या आडनावापुरता ठेवू नका, अनेकांनी वेगळेच आडनाव लावले होते.