मिरगाआधी रेकॉर्ड रूममध्ये होणाऱ्या या चुका टाळा

कोकणातल्या सरकारी कार्यालयात जुनी फाईल मागितली की बहुतेक दोनच उत्तरे मिळतात. ‘पुरात गेली, साहेब’, नाहीतर ‘शिपाईमामांना ठाऊक, ते आज रजेवर आहेत’. पहिले उत्तर काही ठिकाणी खरेही असते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि सावित्रीचे महाडात शिरले, तेव्हा तळमजल्यावरची दप्तरे भिजलीच. पण पुरात नेमके काय गेले याची यादी मागून बघा. यादी नसेल, तर ती फाईल पुराआधी तिथे होती की नाही, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

खरी गोम वेळापत्रकात आहे. बदल्यांच्या 2005 च्या कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मिरगाचा पाऊस येतो. म्हणजे कुठला गठ्ठा कुठे आहे हे माहीत असलेला लिपिक जातो आणि नवा माणूस रुळायच्या आत छत गळू लागते. रेकॉर्ड कसे ठेवायचे याचे प्रशिक्षण मात्र ‘दिवाळीनंतर बघू’. ते मेमध्येच, चार्ज देणारा आणि घेणारा दोघेही हजर असताना व्हायला हवे.

प्रशिक्षणातली दुसरी चूक म्हणजे ज्याच्या टेबलावर काम कमी, त्याला पाठवणे. तो प्रमाणपत्र घेऊन येतो आणि वर्षभरात त्याचीही बदली होते. सभागृहातल्या व्याख्यानापेक्षा रॅकपुढची तासभराची उजळणी बरी: एक फाईल नंबर सांगा आणि शिपाईमामांना न विचारता काढून आणायला लावा. जिथे अडले तिथेच शिकवा.

आता वर्गीकरण, म्हणजे फाईल किती वर्षे जपायची ते ठरवणारा वर्ग. जिल्हा परिषद, पंचायत समितीत ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’चे दोन वर्ग 10 आणि 5 वर्षे आणि ‘ड’ 1 वर्ष, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. तरी फाईल बंद करताना वर्ग लिहीत नाहीत. तपासणीची तारीख लागली की एका बैठकीत सगळ्यांवर ‘अ’ मारून मोकळे होतात, कारण ‘अ’ मारला म्हणून कोणी नोटीस काढत नाही. मग किरकोळ पत्रव्यवहार आणि भूसंपादनाची नस्ती (फाईल) गठ्ठा बांधायच्या एकाच रुमालात जातात आणि जागा संपते. प्रकरण निकाली निघाले त्याच दिवशी, ज्याने ते हाताळले त्यानेच कव्हरवर वर्ग आणि नाशाचे वर्ष लिहावे. टेबलावरची प्रकरणे सहा गठ्ठ्यांत वेगळी लावायच्या ‘सहा गठ्ठा पद्धती’त अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची प्रकरणे वेगळी बांधतात, ती यासाठीच.

याच्या उलट टोकही दिसते. स्वच्छता मोहीम आली की मुदत संपलेले सगळे रद्दीत. लेखा आक्षेप, न्यायालयीन दावा किंवा माहिती अधिकारातले अपील प्रलंबित असेल, तर मुदत संपली तरी त्या फाईलला हात लावू नये. नष्ट केलेल्या कागदांची यादी मात्र कायम जपावी.

पावसाळी खबरदारीच्या नावाखाली गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात, हे तर वाळवीपेक्षा वाईट. दमट हवा आत कोंडते आणि बुरशी धरते. सुती रुमाल बरा. रॅक भिंतीपासून वीतभर सुटा ठेवावा, आणि पुराच्या गावात तळमजला सोडावाच. खाऱ्या हवेत टाचण्या गंजून कागद खातात, त्या काढून सुती दोरा वापरावा. कागद भिजलेच तर कडक उन्हात टाकू नका. टीपकागद घालून पंख्याखाली पसरा. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पंचनाम्याची वाट बघत ओला ढीग तसाच ठेवू नका. पंचनाम्यासाठी आधी फोटो काढून घ्यावेत. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत.

स्कॅनिंगबद्दल एवढेच, की ‘स्कॅन 12’ नावाच्या पीडीएफचा कोणाला उपयोग नाही. आधी सूची, मग स्कॅन.

चार्ज घेताना ‘फाईली एकूण इतक्या’ एवढ्यावर सही करू नका. यादी रॅकनिहाय आणि फाईलनिहाय मागा. जी सापडली नाही तिच्यापुढे ‘मिळाली नाही’ असे लिहून जाणाऱ्याची सही घ्या, तो कार्यमुक्त व्हायच्या आधी.