पानाच्या दरावर काम करणाऱ्यांची युनियन

कॉमिक्सच्या रंगकामात येऊ पाहणारी मुलं मला आधी टॅब्लेट कुठला घ्यावा ते विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: पैसे अडकले, दर पाडला किंवा तुमचं नाव गाळलं, तर तुमच्या बाजूने बोलणार कोण? मी पुण्यात बसून अमेरिकन कॉमिक्सचं रंगकाम करते. आपल्याकडची बरीच मुलं याच वाटेने या धंद्यात शिरतात, म्हणून तिकडची परिस्थिती आधी सांगते.

माझी सुरुवात फ्लॅटिंगने झाली. शाई मारलेलं पान येतं आणि त्यातला प्रत्येक आकार वेगळ्या सपाट रंगाने भरायचा असतो. चेहरा, बाही, कमरेचा पट्टा, मागच्या इमारतीची एकेक खिडकी. रंग कुठलाही चालतो, पण कडा काटेकोर हव्यात, म्हणजे पुढे रंगकाराला एका क्लिकमध्ये तो तुकडा उचलता येतो. गर्दीचं पान दिवस खातं, मोकळ्या आकाशाचं पटकन संपतं. पैसे मात्र दोन्हींचे सारखेच, कारण दर पानावर असतो. हे पैसे प्रकाशक देत नाही, रंगकार स्वतःच्या दरातून देतो. मी ज्याच्यासाठी काम करत होते तो स्वतःही फ्रीलान्सरच होता. त्याचे पैसे दोन महिने लांबले की माझे तीन महिने लांबायचे. मागणी करायची ती कोणाकडे? युनियनची अडचण मला तिथे पहिल्यांदा नीट कळली. लेखक एका शहरात, पेन्सिलने चित्र काढणारा पेन्सिलर दुसऱ्या देशात, त्यावर शाई मारणारा इंकर, रंगकार, संवादांची अक्षरं बसवणारा लेटरर आणखी कुठे. एकाच पानावर काम करणारी ही माणसं एकमेकांना कधी भेटतही नाहीत.

पण अंतर ही खरी अडचण नाही, कायदा आहे. अमेरिकेत कामगारांना एकत्र येऊन वाटाघाटी करायचा हक्क १९३५च्या कायद्याने दिला. १९४७च्या दुरुस्तीने स्वतंत्र कंत्राटदारांना त्यातून स्पष्टपणे वगळलं. कायद्याच्या लेखी फ्रीलान्सर हा एक छोटा व्यवसाय आहे. अशा व्यावसायिकांनी मिळून ‘या दराखाली काम करायचं नाही’ असं ठरवलं, तर १८९०च्या शर्मन कायद्यानुसार ती किंमत ठरवण्याची संगनमताची कृती ठरू शकते. मक्तेदाऱ्यांना आवर घालणारा कायदा असा पानावर पोट असलेल्यांच्या आड येतो.

दुसरीकडे ‘वर्क फॉर हायर’चा करार आहे. १ जानेवारी १९७८ला लागू झालेल्या कॉपीराइट कायद्यानुसार, ठरावीक प्रकारचं काम लेखी करार करून बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं, तर कायद्याने प्रकाशकच त्याचा कर्ता ठरतो. हॉलीवूडच्या पटकथालेखकांचाही कॉपीराइट स्टुडिओकडे जातो, पण ते कर्मचारी मानले जातात. म्हणून त्यांना युनियन करता येते आणि संपही करता येतो. कॉमिक्सचा चित्रकार हक्क सोडताना नोकरासारखा आणि विमा, रजा, युनियन मागताना परका. या क्षेत्रातला सगळ्यात मोठा अन्याय मला हाच वाटतो.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉमिक्सचे चित्रकार बर्नार्ड क्रिग्स्टीन यांच्या पुढाकाराने चित्रकारांची संस्था निघाली, ती टिकली नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात डीसी या मोठ्या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकाच्या काही जुन्या लेखकांनी आरोग्य विमा आणि इतर सोयी मागितल्या. त्यात फ्लॅश आणि जस्टिस लीग या सुपरहिरो कॉमिक्सचे सहनिर्माते गार्डनर फॉक्स होते, डूम पॅट्रोलचे आर्नल्ड ड्रेक होते. त्यानंतर या मंडळींची कामं आटत गेली. त्यांना काढून टाकावं लागलंच नाही, पुढची कथा दिली नाही की झालं. १९७८मध्ये चित्रकार नील ॲडम्स यांनी न्यूयॉर्कमध्ये चित्रकार-लेखकांना जमवून कॉमिक्स क्रिएटर्स गिल्ड उभं करायचा प्रयत्न केला, तेही विरलं. नव्या मुलांना पहिलं काम हवं असतं, प्रस्थापितांना मिळत असलेलं सोडवत नाही. कोणाला दोष देणार?

याच ॲडम्स यांनी चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्यासोबत सीगल आणि शुस्टर यांची बाजू जाहीरपणे लावून धरली होती. सुपरमॅनच्या या दोन निर्मात्यांनी १९३८मध्ये १३० डॉलरला हक्क दिले होते. १९७५मध्ये त्यांना वर्षाला २०,००० डॉलर आणि श्रेयनामावलीत नाव मिळालं. युनियन नसतानाही गवगवा केल्याने इतकं घडलं, हे मी नव्या मुलांना मुद्दाम सांगते.

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये इमेज कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशन संस्थेत ‘कॉमिक बुक वर्कर्स युनायटेड’ची घोषणा झाली आणि जानेवारी २०२२मध्ये मतदान जिंकून युनियन झाली. आनंदाचीच गोष्ट, पण ती कार्यालयातल्या पगारी कर्मचाऱ्यांची आहे. पानं लिहिणारे, काढणारे, रंगवणारे तिच्या बाहेरच आहेत.

मग आपण काय करायचं? दरांबद्दल मोकळेपणाने बोला. एकत्र येऊन किमान दर ठरवणं वेगळं आणि ‘मला इतके मिळाले’ हे एकमेकांना सांगणं वेगळं. दर गुप्त राहिला की फायदा देणाऱ्याचा होतो. करार लेखीच घ्या. न्यूयॉर्क शहरात २०१७पासून ८०० डॉलर किंवा त्याहून जास्तीच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार बंधनकारक आहे, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. तुमच्या कामाला तो कायदा लागू होवो न होवो, करारात तीच ३० दिवसांची अट मागा. बँकेचे पैसे पाठवण्याचे चार्जेस कोण भरणार आणि दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या फुकट, तेही लिहून घ्या.

भारतीय प्रकाशकाचं काम असेल तर १९५७चा कॉपीराइट कायदा बराच बरा आहे. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द दिसले की थांबा आणि त्याचे वेगळे पैसे मागा. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही नोंदणीकृत ट्रेड युनियन आहे, आणि तिचे बहुतेक सदस्य फ्रीलान्सरच आहेत. मानधनाच्या आणि श्रेयाच्या तक्रारी हाताळायला तिची स्वतंत्र समिती आहे. आपल्याकडच्या कॉमिक्सवाल्यांनी तिचं कामकाज जाऊन बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आता माझी पानं फ्लॅट करणारी मुलं आहेत. प्रकाशक माझे पैसे कधीही देवो, त्यांचे महिनाअखेर जातात. गर्दीच्या पानाला दर वेगळा आहे. अंकात फ्लॅटरचं नाव छापायची विनंती मी प्रत्येक संपादकाला लेखी करते. काही छापतात, काही नाही. पुढच्या अंकाच्या वेळी मी पुन्हा लिहिते.