चाळिशीनंतर गॉथ, पंक, लोलिता घालायचं असेल तर

गॉथ म्हणजे काळे, गूढ वाटणारे कपडे, पंक म्हणजे पिना-साखळ्यांची बंडखोर स्टाईल आणि लोलिता म्हणजे जपानमधली, बाहुलीसारखे घेरदार, लेसवाले ड्रेस घालायची स्टाईल. वय वाढलं म्हणून यातली कुठलीच स्टाईल सोडायची अजिबात गरज नाही, फक्त फिटिंगकडे आधी बघा, कारण कपडा "वयाला शोभत नाही" असं जे वाटतं ना ते बहुतेक वेळा खांद्यात नाहीतर कमरेत घट्ट झाल्यामुळेच असतं. लोलिता ड्रेस घेताना पाठीला इलॅस्टिकच्या चुण्या असलेलाच घ्या, शरीर थोडं बदललं तरी तो वर्षानुवर्षं चालतो. जुना आवडता ड्रेस टाकून देण्याआधी आतून शिवणीत किती कापड सोडलंय ते बघा, बऱ्याचदा तेवढ्यात उसवून सैल करता येतो.

मेकअपमध्ये मात्र खरंच बदल करा. पांढरी पावडर थापली की सुरकुत्यांमध्ये जाऊन बसते, त्यापेक्षा क्रीमवालं फाउंडेशन अगदी पातळ लावा आणि पावडर फक्त नाकाकपाळावर. पापण्या सैल झाल्या असतील तर डोळे मिटून नाही, उघडे ठेवून सरळ आरशात बघत आयलायनर काढा, नाहीतर सगळी मेहनत पापणीच्या घडीत गायब.

शूजमध्ये उंच हिलपेक्षा पुढेमागे सारख्या जाडीचा सोल बरा, पंजावर भार कमी येतो. पण जाड सोलमध्ये पाय मुरगळू शकतो, म्हणून घोट्यापर्यंत लेस बांधायचे बूटच घ्या.

आणि पंक फॅशन गाजवणाऱ्या ब्रिटिश डिझायनर विवियन वेस्टवूड आठवा, जन्म १९४१चा, सत्तरीतही बिनधास्त स्वतःच्या स्टाईलमध्येच फिरायच्या, त्यामुळे घाबरू नका, ऑफिसला काय म्हणतील वाटत असेल तर सुरुवातीला एखादी चोकर (गळ्याला घट्ट बसणारी पट्टी) नाहीतर लेसची कॉलर घालून जा.