दूरच्या सर्व्हरवर नेटवर्क प्रोफाइल बदलताना

नेटवर्कमॅनेजर (नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्स सर्व्हरवर चालू प्रोफाइलला, म्हणजे जोडणीच्या जपून ठेवलेल्या सेटिंगना, हात लावू नका. 'एनएमसीएलआय' या त्याच्या कमांडच्या 'कनेक्शन क्लोन'ने प्रोफाइलची प्रत काढा, प्रतीचा 'ऑटोकनेक्ट' (आपोआप जोडले जाणे) बंद करा आणि बदल तिच्यातच करा. आयपी पत्त्यामागे /२४ सारखा प्रीफिक्स (नेटवर्क किती मोठे ते सांगणारा आकडा) लिहायला विसरू नका. तो नसेल तर /३२, म्हणजे फक्त तो एकच पत्ता, धरला जातो, मग शेजारचा गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) सुद्धा थेट सापडत नाही. मॅनेजमेंटसाठी वेगळा अडॅप्टर असेल तर त्याच्या प्रोफाइलमध्ये 'नेव्हर-डिफॉल्ट' चालू ठेवा, नाहीतर दोन डिफॉल्ट रूट (बाहेर जाण्याच्या मुख्य वाटा) होतात आणि उत्तरे भलत्याच वाटेने जातात.

नवे प्रोफाइल, म्हणजे ती बदललेली प्रत, सुरू करण्याआधी परतीची सोय हवीच. ठरलेल्या वेळाने आज्ञा चालवणाऱ्या 'सिस्टिमडी-रन'ला 'ऑन-अ‍ॅक्टिव्ह' ५ मिनिटे देऊन जुने प्रोफाइल पुन्हा 'अप' (सुरू) करणारी आज्ञा टायमरवर लावून ठेवा. ती तुमच्या सेशनवर अवलंबून नसते, त्यामुळे एसएसएच (दूरवरून लॉगिनची जोडणी) तुटले तरी वेळेवर चालते. मगच नवे प्रोफाइल 'अप' करा. पत्ता बदलला असेल तर चालू खिडकी गोठणारच. दुसऱ्या खिडकीतून नव्या पत्त्यावर लॉगिन करा. गेटवे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि फायरवॉलचा झोन (त्या जोडणीला लागू नियमांचा गट) तपासा. सगळे ठीक असेल तरच तो टायमर थांबवा.

शेवटी नव्या प्रोफाइलचा 'ऑटोकनेक्ट' चालू करून 'ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी' (आपोआप जोडण्याचा अग्रक्रम) १० करा (मूळ किंमत ०, मोठा आकडा आधी). हे राहिले तर पुढच्या रीबूटला जुनेच प्रोफाइल चढते, आणि तेव्हा कारण शोधायला फार वेळ जातो.

बीएमसी कन्सोल (नेटवर्क तुटले तरी सर्व्हरच्या स्क्रीनपर्यंत पोचवणारी, सर्व्हरमधल्या वेगळ्या चिपची सोय) चालतो का, हे मात्र सगळ्यात आधी पाहा.