घरचा बोकड, तरी मटण वातड? या चुका टाळा

आखाडात दावणीचा बोकड कापला. उस्मानाबादी, काळाभोर, अकरा महिन्यांचा. दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते. सकाळी सातला कापला, साडेआठला खाटकाने तुकडे करून दिले. त्यातलं तीन किलो पुण्याच्या आत्यासाठी तिथल्या तिथे पिशव्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये टाकलं. उरलेलं लगेच चुलीवर चढवलं, छान शिजलं. आठ दिवसांनी आत्याचा फोन. "अरे, म्हातारा बोकड माझ्या गळ्यात मारलास का? सहा शिट्ट्या झाल्या, तरी दाताला दाद देईना. पिशवीत लाल पाणी मात्र वाटीभर!"

बोकड तोच, मांडीही त्याच बोकडाची. बिघडवलं ते आमच्या घाईने.

जनावर कापलं तरी त्याचे स्नायू लगेच थंडावत नाहीत. त्यांतल्या साखरेच्या साठ्याचं, म्हणजे ग्लायकोजेनचं, हळूहळू आम्ल होतं, सामू (pH, आंबटपणाचं माप) सातच्या आसपासवरून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो आणि मग मांस ताठरतं. हे होण्याआधीच ते 10 अंशांच्या खाली गेलं तर स्नायू आखडून बसतात. बोकडाच्या अंगावर चरबीची गादी नसते, त्यामुळे तो पटकन गार पडतो आणि हा धोका त्याला जास्त. ताठरण्याआधीच गोठवलेलं मटण तर वितळताना एकदम आखडतं आणि पाणी सोडतं. नंतर कितीही शिट्ट्या द्या, ते पहिल्यासारखं होत नाही.

म्हणून साठवायचं असेल तर लगेच बारीक तुकडे करू नका. मांडी, फरा (पुढचा खांदा) हाडासकट अख्खे ठेवा. हाडाला धरलेला स्नायू आखडायला वाव कमी. थंडीच्या दिवसांत दोनेक तास सावलीत, जाळीखाली टांगा, मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवा आणि त्यानंतर तुकडे करून फ्रीजरला टाका. उन्हाळ्यात टांगायच्या भानगडीत पडू नका, मटण नासेल. अख्खे भाग थेट फ्रीजमध्ये, नाहीतर त्याच दिवशी शिजवा. त्याच दिवशी म्हणजे कापल्याबरोबर. सकाळी कापून रात्री ताठरलेलं मटण शिजवायचं, हा सगळ्यात वाईट मुहूर्त.

दुसरी चूक कापण्याआधीची. घरचा बोकड सोडला की पोरं मागे लागतात, तो दोन बांध ओलांडतो, मग चौघं मिळून त्याला पाय धरून ओढत आणतात. या धावपळीत साखरेचा साठा संपतो, आम्ल पुरेसं होत नाही, मांस काळपट आणि चिकट राहतं, लवकर खराबही होतं. हा साठा तासाभराच्या विश्रांतीने भरत नाही. आदल्या दिवशीच त्याला सावलीत बांधा, सोबत दुसरी शेळी ठेवा, एकटा पडला की तो रात्रभर ओरडतो. चारा रात्रीपासून बंद, पाणी मात्र समोर असू द्या.

वयाचं म्हणाल तर दात बघा. दुधाचे दात असलेला बोकड साधारण वर्षाच्या आतला. दोन दाती झाला, म्हणजे दुधाचे दोन दात पडून पक्के आले, की सव्वा वर्षाच्या आसपास, चार दाती म्हणजे पावणेदोन-दोन वर्षं. वय वाढतं तसे मांसातले चिवट धागे एकमेकांत घट्ट गुंततात आणि उष्णतेलाही लवकर दाद देत नाहीत. अशा बोकडाचं सुकं करू नका, मंद आचेवर रस्सा करा. मोठा करायचाच असेल तर दोन-तीन महिन्यांचा असताना जनावरांच्या दवाखान्यात खच्ची करून घ्या, नाहीतर माजावर आलेल्या बोकडाचा उग्र वास मसाल्यालाही ऐकत नाही.

कापण्याआधी शेवटचे काही दिवस मक्याचा भरडा भरभरून चारला की मटण लुसलुशीत होतं, हा गैरसमज आहे. बोकडाची चरबी आधी आतड्यांभोवती नि गुर्द्यांभोवती साठते, मांसाच्या धाग्यांत फारशी उतरत नाही. एकदम भरडा वाढवला तर जनावराचं पोट बिघडतं ते वेगळंच.

आता पातेल्यातलं. मटण बिघडलं की आधी नीट चावून बघा. रबरासारखं परत येत असेल तर ते अजून शिजायचंय. गरम पाणी घाला (गार नको), झाकण ठेवून मंद आचेवर आणखी अर्धा तास द्या. दोऱ्या सुटताहेत पण घशाखाली उतरत नाही, तर ते जास्त शिजलंय. त्याला इलाज नाही, रश्शात बुडवून वाढा. भडक आचेवर खळखळ उकळणं आणि कुकरची वाफ जबरदस्तीने सोडणं, दोन्ही टाळा.

कच्ची पपई चालते, पण एका किलोला चमचाभर किसून अर्धा-पाऊण तास, बस. तिचा रस वरवरच पोचतो. रात्रभर लावून ठेवलीत तर वरून लगदा होईल आणि आत मटण होतं तसंच राहील.